पिंपळावरचा मुंजा आणि पडद्यावरचा मुंज्या

भयपटांनीं लोककथा घ्याव्यात कीं नाहीं, याविषयीं आमचा वाद नाहीं. घेतांना त्यांतील करुणा टाकूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आदित्य सरपोतदार यांचा, कोंकणांतील दंतकथेवर आधारलेला 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट २०२४ सालीं निघाला. आम्हीं तो नागपुरांत पाहिला. भ्यालों आणि हंसलोंही. आरंभीं त्या मुलाची व्यथा दिसते खरी; परंतु पुढें संगणकानें घडविलेल्या देहाच्या उड्यांत ती हरपते, व उरतो तो केवळ लग्नासाठीं छळणारा हट्टी पिशाच.

आजीच्या गोष्टींतील मुंजा कोण? मुंज होऊन, परंतु लग्नापूर्वींच निवर्तलेला मुलगा. लोकांनीं त्यास पिंपळावर घर दिलें. कित्येक गांवीं मुंजोबा म्हणून त्याची पूजाही होते. ज्या काळीं घरोघरीं लेकरें दगावत, त्या काळच्या मातांचा शोकच या कथेंत बोलत असावा, असें आम्हांस वाटतें.

चित्रपटास हें असाध्य नाहीं. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या मराठी चित्रपटानें भुताच्या गोष्टींतूनच नकोशा मुलींच्या हत्येचें पाप दाखविलें.

आमच्या बालमित्रांनीं भयपट खुशाल पाहावे. मात्र घरीं परतल्यावर आजीस एवढें विचारावें कीं, पिंपळावरचें तें पोर कोणाचें होतें?