तरुणाचा लकवा आणि हृदयातले भोक

तिशी-पस्तिशीतल्या धडधाकट माणसाचे एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, की आमच्या जवळा बाजार भागात अजूनही दोन बोल ऐकू येतात : वारे गेले, नाहीतर कुणी भानामती केली. बी.पी. नाही, शुगर नाही, मग दुसरे काय असणार? वाचक बंधु-भगिनींनो, या सवालाचे एक उत्तर सन १८७७ पासून उपलब्ध आहे.

त्या साली कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूत गुठळी अडकून दगावलेल्या ३५ वर्षांच्या बाईची हकिकत मांडली. गुठळी झाली होती पायाच्या शिरेत, आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होते.

पोटातले बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. म्हणून त्या पडद्यात एक वाट असते. जन्मानंतर ती बुजते. चारांतल्या एकाची मात्र पुरती बुजत नाही. (लगेच छातीला हात लावू नका, बहुतेकांना जन्मभर काही होत नाही.) काहींच्या पडद्याला जन्मतःच मोठे भोक असते, ते कमी आढळते. एरवी पायातली गुठळी फुप्फुसात अडते, तेही धोक्याचेच. पण खोकताना, कुंथताना उजवीकडचा दाब वाढला, की क्वचित ती भोकातून डावीकडे जाते आणि मेंदू, मूत्रपिंड, कुठेही पोहोचते. बाळंतपण, ऑपरेशन, पायाचे प्लास्टर यांनंतर पडून राहणाऱ्यांच्या पायात अशी गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर नुसते तेल चोळत बसू नये.

इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांच्या हृदयातले असे छिद्र डिसेंबर २००५ मध्ये झटका आल्यावर सापडले. वय होते ७७! मग आपल्या वाडीवस्तीवर कुणाला कळणार?

लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सी.टी. स्कॅन पाहून. मांत्रिकाच्या अंगाऱ्यात नेमका हाच वेळ जातो. पुढे कारण सापडेना, तर हृदयाची इको तपासणी करा, असे डॉक्टरांना आपणहून म्हणावे. भोक जांघेच्या शिरेतून नळी घालून, छाती न फाडता बुजवता येते. निवडक तरुण रुग्णांत त्याने दुसरा झटका टळण्यास मदत होते, हे २०१७ च्या चाचण्यांत दिसले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे अनेक उपचार आहेत. आपला उपचार बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड, आधारकार्ड लागते. पण पेशंटला आधी गाडीत घाला, कागद मागून आणता येतात.