हात टॅलीवर, मेल माउसवर

सुरतच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारात एखाद्या पेढीचा हिशेबनीस टॅलीवर कसा काम करतो, ते पाहण्यासारखे असते. विक्री आली की एफ८, खरेदी आली की एफ९, पैसे दिले तर एफ५, मिळाले तर एफ६. माउस बाजूला पडलेला असतो आणि नजर बिलावरून हलत नाही. उधना-लिंबायतहून रोज बाजारात येणाऱ्या खानदेशी तरुणांपैकी ज्यांच्या हाती हिशेबाचे टेबल आले, त्यांच्या बोटांत या कळा इतक्या भिनलेल्या असतात की कोणती कुठे आहे हे विचारले तर त्यांनाच क्षणभर आठवावे लागेल. तोच माणूस मेल उघडतो आणि नवशिका होतो. माउस धरायचा, डावीकडची फोल्डरांची यादी खाली-वर करायची, मेल ओढत न्यायचा, चुकून शेजारच्या फोल्डरात पडला की परत शोधायचा. या कटकटीपेक्षा मेल आहे तिथेच राहू देणे सोपे, आणि बहुतेक जण तेच करतात. माझे म्हणणे असे की पेढीने मेल लावून ठेवण्यासाठी स्वतःच्या कळा ठरवाव्यात, त्या सगळ्या टेबलांवर सारख्या असाव्यात आणि पाच-सहाच्या पुढे जाऊ नयेत.

एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला, असे वाटेल. पण मेल ही आता नुसती चिठ्ठी राहिलेली नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणे ही बजावणीची मान्य पद्धत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार आपण संदेशांसाठी पत्ता ठरवून दिलेला असेल, तर संदेश त्या यंत्रणेत शिरला तेव्हाच तो मिळाला असे सर्वसाधारणपणे धरले जाते. आपण तो कधी उघडला याला महत्त्व नाही. सुरतेला विशेष झोंबलेली बाब म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४३ब(ह). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्यातल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. लांब उधारीवर चालणाऱ्या या बाजारात २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून मोठी खळबळ उडाली होती. ही मुदत मोजायची कुठून, हे मालाच्या तक्रारीवरही ठरते. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवलेली असावी लागते. ती तक्रार बहुधा मेलमध्येच असते, कापड दुकानांच्या जाहिराती आणि बँकेच्या शुभेच्छा यांच्या मधोमध.

कळा ठरवण्याची सोय फार जुनी आहे, ती कोणी वापरत नाही एवढेच. आउटलुकच्या २०१० च्या आवृत्तीपासून ‘क्विक स्टेप्स’ आहेत: ‘या फोल्डरात हलव आणि वाचलेले म्हणून खूण कर’ असे एकदा सांगून ठेवायचे आणि त्याला कंट्रोल-शिफ्ट-१ ते ९ यांपैकी एक जोड द्यायची. थंडरबर्डमध्ये १ ते ९ हे आकडे दाबले की मेलवर त्या त्या रंगाची खूण पडते, आणि ‘ए’ दाबले की तो संग्रहात जातो. जीमेल इथे थोडे कंजूष आहे. सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू करता येतात, कळा बदलताही येतात, पण एका विशिष्ट लेबलाला थेट एक कळ देता येत नाही. ‘व्ही’ दाबून लेबलाची पहिली दोन अक्षरे लिहायची आणि एंटर मारायचा. म्हणून लेबलांची नावेच अशी ठेवावीत की पहिली अक्षरे एकमेकांत गुंतणार नाहीत.

आता आक्षेप. यातून वेळ वाचतो तो किती? कार्ड, मोरान आणि न्यूवेल या संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेल्या हिशेबात सरासरी माणसाला एक कळ दाबायला सुमारे ०.२८ सेकंद, माउसने एका जागी नेम धरायला १.१ सेकंद आणि हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद लागतो. त्या मापाने एका मेलमागे अडीच-एक सेकंद वाचतील. शंभर मेलमागे चार मिनिटे. चार मिनिटांसाठी कोणी सवय बदलावी असे मीही म्हणणार नाही. शिवाय अ‍ॅपलमध्ये काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिले होते की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, घड्याळ मात्र माउसच्या बाजूने कौल देते, कारण कोणती कळ दाबायची हे आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षात येत नाही. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि कळा थोड्याच हव्यात या माझ्या आग्रहाला त्याने बळच मिळते. चाळीस कळा आठवाव्या लागतात, पाच आठवाव्या लागत नाहीत. टॅलीने ते सिद्ध केले आहे. पण खरा लाभ सेकंदांचा नाहीच. मेल वाचून संपतो तेव्हा हे काय आहे आणि याचे काय करायचे ते डोक्यात ताजे असते. त्याच क्षणी निर्णय एका कळीवर झाला तर होतो. यादी उघडून शोधाशोध करावी लागली की ‘संध्याकाळी बघू’ येते. बाजारातली संध्याकाळ पार्सले रवाना करण्यात जाते.

याहून वजनदार आक्षेप शोधाच्या सोयीचा आहे. स्टीव्ह व्हिटेकर आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या ८५ हजारांहून अधिक शोधांचा अभ्यास केला. फोल्डरांची गुंतागुंतीची उतरंड रचणाऱ्यांना जुना मेल सापडण्यात फायदा झाला नाही; नुसते शोधणारे पुढे होते. मग लावायचेच कशाला? पार्टीगणिक एक, दलालागणिक एक, मिलगणिक एक फोल्डर करणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर मनावर घ्यावा, कारण पार्टीचे नाव टाकले की मेल सापडतोच. पण शोधायला आधी काय शोधायचे ते ठाऊक असावे लागते. ज्या नोटिशीचा विसरच पडला, तिचे नाव शोधपट्टीत कोण लिहिणार? म्हणून फोल्डर नावाने करू नयेत, मुदतीने करावेत: सरकारी नोटीस, मालाची तक्रार, येणे-देणे, चालू ऑर्डर, आणि बाकी सगळे संग्रहात.

काही जण म्हणतील, नियम लावून ठेवले की मेल आपोआप वेगळे होतात. जाहिरातींसाठी ते उत्तमच. पण व्यापाऱ्याचा तक्रारीचा मेल ‘नवी डिझाइन पाठवा’ अशा विषयाखाली तिसऱ्या ओळीत येतो, आणि नियमाने परस्पर हलवलेला मेल कोणीच वाचला नाही असेही होते. शेठ तर मेल मोबाइलवर वाचतात, ही तक्रार रास्त आहे. त्यांनी खुशाल वाचावेत. लावण्याचे काम टेबलावर बसणाऱ्याचे, चोपडीचे काम जसे शेठ स्वतः करत नाहीत तसे.

एक धोका मात्र खरा आहे. चुकीची कळ दाबली गेली तर नोटीस गुपचूप संग्रहात जाऊन बसेल. कंट्रोल-झेडने ती लगेच परत आणता येते, पण लक्षात आले तर. म्हणून नोटीस आणि संग्रह यांच्या कळा शेजारी ठेवू नयेत आणि पहिले काही आठवडे संग्रहावरून रोज एकदा नजर फिरवावी. आणि ही यादी पेढीची असावी, एका माणसाची नव्हे. सणाला गावी गेलेला हिशेबनीस चार दिवस उशिरा परतला तर त्याच्या जागी बसणाऱ्याला तेच आकडे तेच फोल्डर दाखवायला हवेत. लाभपाचमीला नवी चोपडी उघडाल तेव्हा पाच आकडे कागदावर लिहून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवा, आणि सहावा मागायला येणाऱ्याला आधी कारण विचारा.