विश्लेषण : शाळेभोवतीची मोकळी जागा 27 टक्के की साडेपंधरा?

एखाद्या शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत किती टक्के मोकळी, हिरवी जागा आहे? नकाशाच्या संगणक प्रणालीतून याचे उत्तर मिनिटभरात निघते. अडचण एवढीच, की एकाच शाळेची दोन उत्तरे निघू शकतात आणि दोन्ही गणिताने बरोबर असतात.

मोजणी कशी होते?

‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत प्रणालीत शाळा म्हणजे एक बिंदू. त्याभोवती 1 किमी त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, उद्याने-मैदानांच्या आकृत्या त्या वर्तुळाने कापायच्या आणि आत आलेले क्षेत्र वर्तुळाच्या 314 हेक्टरने भागायचे. त्याआधी नकाशा अंशांतून मीटरमध्ये आणावा लागतो. मुंबई-पुण्यासाठी यूटीएम विभाग 43, नागपूरसाठी 44. मुंबईत अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किमीचा, रेखांशाचा मात्र 105. अंशांतच वर्तुळ काढले तर जमिनीवर ते लंबगोल होते.

उत्तर कुठे बदलते?

महालक्ष्मी रेसकोर्स घ्या. जागा सुमारे 211 एकर, म्हणजे 85 हेक्टर. ती सगळी वर्तुळात येईल अशी शाळा कल्पिली, तर एवढ्यानेच 27 टक्के भरतात. पण सार्वजनिक उद्यानासाठी 2024 मध्ये महापालिकेकडे आली ती 120 एकर. फक्त तेवढी मोजली की आकडा साडेपंधरावर येतो. मुलांना जिथे पाय ठेवता येतो तीच जागा मोजावी, हे माझे मत.

मरिन ड्राइव्हजवळच्या शाळेचे वर्तुळ तर समुद्रातही जाते. समुद्रासकट भागाकार केला तर टक्केवारी विनाकारण घसरते. तो वगळलाच पाहिजे, आणि वगळला हे सांगितलेही पाहिजे.

खरा घोळ विकास आराखड्यातील आरक्षणांचा. कागदावर मैदान, जागेवर वाहनतळ किंवा गोदाम. प्रणालीला दिसते ती फक्त हिरवी आकृती. ती कोणत्या नकाशावरून, कोणत्या वर्षी घेतली आणि जागेवर जाऊन कोणी पाहिली का, हे टक्केवारीच्या शेजारीच छापायला हवे. ते नसेल तर नगरसेवकाने सभागृहात विचारावे.

संपूर्ण शहराचा आकडा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. शेजारच्या शाळांची वर्तुळे एकमेकांवर येतात. ती आधी एकत्र केली नाहीत, तर एकच बाग तीन-चार वेळा मोजली जाते.