निर्दोष असायला निष्कलंक असावं लागत नाही

हंसल मेहतांच्या ‘शाहिद’चा नायक परफेक्ट नाही. तरुणपणी अतिरेक्यांच्या छावणीत जातो, परततो, तुरुंगात शिकून वकील होतो. घराला वेळ देत नाही. ही ॲड. शाहिद आझमींची कथा. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या ऑफिसात त्यांचा खून झाला. मे महिन्यात त्यांचे अशील फहीम अन्सारी २६/११ खटल्यात निर्दोष ठरले.

रबाळ्यात मी सॉफ्टवेअर लिहितो. बग नसलेला कोड अजून पाहिलेला नाही. आपल्या पोरांकडे मात्र शंभर टक्के स्वच्छ भूतकाळ मागितला जातो. आणि ‘काहीतरी केलंच असेल’ म्हणत आपणही दार लावून घेतो! आरोप सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम. न्याय हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हे. दोस्तांनो, कुणाला उचललं तर आधी वकील शोधा.