राखणदाराचीही राखण हवी



पेण तालुक्यातील गडबहून एका भगिनीचे पत्र आले आहे. गडब हे पेण आणि नागोठण्याच्या मधले, मुंबई-गोवा महामार्गाच्या अंगाचे गाव. एका बाजूला हमरस्त्याची वर्दळ, दुसऱ्या बाजूला भाताचा खारेपाट आणि खाडीचा खारा वारा. ताई लिहितात :

“दोन वर्षांमागे चार कॅमेरे बसवले. दोन घराला, दोन घरामागच्या जिताड्याच्या तळ्यावर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री तळ्यावरची पाण्याची मोटर चोरीस गेली. सकाळी चित्रण पाहायला बसलो, तर शेवटचे चित्रण शिमग्याच्या आधीचे! टीव्हीवर चारही चित्रे रोज दिसत होती. शिमग्यात पेटी पीप-पीप वाजत होती, धाकट्याने तो आवाज बंद केला होता, एवढेच आठवते. आता घरात बोलणे होते की त्या रात्री तळ्यावर आमचा गडीच होता. नऊ वर्षे तो आमच्याकडे आहे. त्याच्या तोंडावर कोणी काही बोलले नाही, पण बोलणे त्याच्या कानी गेले असावे. दोन दिवस तो कामावर आलेला नाही. कॅमेऱ्याला काय झाले असेल?”

ताई, आधी कॅमेऱ्याचे सांगतो. गड्याचे शेवटी.

दिसणे वेगळे, साठणे वेगळे

कॅमेरा चित्र पकडतो. ते तारेतून पेटीत, म्हणजे डीव्हीआरमध्ये येते. तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट टीव्हीकडे जाते, दुसरी पेटीतल्या हार्ड डिस्ककडे. हार्ड डिस्क म्हणजे चित्रणाची कणगी. कणगी फुटली तरी टीव्हीवर चित्र दिसतच राहते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले. पेटी वाजत होती ती “मला साठवता येत नाही” असे सांगत होती. तो आवाज बंद करणे म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधणे. मुलाला रागावू नका, असे पुष्कळ घरांत होते. पण आवाज पुन्हा सुरू करून घ्या.

डिस्क फेकण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, पेटीचे घड्याळ. पेटीत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि नवे चित्रण जुन्या तारखेखाली साठते. म्हणून पेटीतले कॅलेंडर मागच्या वर्षांपर्यंत चाळून पाहा. हवी ती रात्र भलत्याच तारखेखाली सापडू शकते. दुसरी, डिस्कच्या दोन तारा. एक विजेची, एक चित्राची. त्या सैल झाल्या तरी डिस्क दिसेनाशी होते. पेटीची वीज पूर्ण बंद करून, प्लग काढूनच झाकण उघडावे. तारा घट्ट करूनही डिस्क दिसली नाही तर ती बदलावी. नवी घेताना दुकानदाराला “कॅमेऱ्याच्या कामाची, रात्रंदिवस चालणारी द्या” असे सांगावे. संगणकातली जुनी डिस्क घालून पैसे वाचवू नयेत. ती या अखंड कामासाठी केलेली नसते.

किती दिवसांचे चित्रण राहते, हेही माहीत असावे. साधारण २ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या सेटिंगवर दिवसाला सुमारे २० जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे ८० जीबी झाले. म्हणजे १ टीबीची डिस्क ११-१२ दिवसांत भरते आणि मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. दहा दिवस लग्नाला गावी गेलात आणि आल्यावर आठवडा गेला, तर पहिल्या रात्रीचे चित्रण उरत नाही.

चित्रच येत नसेल तर

एखाद्या कॅमेऱ्याचे चित्र गेले की लगेच “कॅमेरा जळाला” म्हणू नये. क्रमाने पाहावे.

आधी वीज. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देणारी पॉवर सप्लायची पेटी असते. चारही चित्रे एकदम गेली तर तिथेच पाहावे. एकच गेले तर त्या एका तारेकडे वळावे.

मग अदलाबदल. बंद कॅमेऱ्याची तार पेटीच्या मागे चालू कॅमेऱ्याच्या जागी लावून पाहावी. चित्र आले तर पेटीचे ते भोक बिघडले आहे. नाही आले तर दोष तारेत, जोडात, विजेत किंवा कॅमेऱ्यात आहे. मग तो कॅमेरा खाली उतरवून पेटीशेजारी आणावा आणि छोट्या चांगल्या तारेने जोडावा. तिथे चालला तर कॅमेरा निर्दोष आहे. या अदलाबदलीला पैसा लागत नाही, आणि वायरमन आला तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

दिवसा चित्र दिसते आणि अंधार पडताच जाते, ही तळ्यावरच्या कॅमेऱ्याची नेहमीची तक्रार. कॅमेऱ्यातले रात्रीचे दिवे लागले की तो जास्त वीज ओढतो. तार लांब आणि बारीक असेल तर १२ व्होल्ट निघालेले टोकाला पोहोचेपर्यंत कमी पडतात. नळाची लाइन लांबली की शेवटच्या घरी पाणी जसे बारीक येते, तसेच हे. उपाय म्हणजे विजेची तार जाड घ्यावी, किंवा कॅमेऱ्याजवळ वेगळा अडॅप्टर पाणी न लागणाऱ्या डब्यात बसवावा.

रात्री चित्र धुक्यासारखे पांढरे होते, त्याचे कारण बहुतेक वेळा कोळ्याचे जाळे असते. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. काठीला मऊ फडके बांधून आठवड्याला एकदा पुसावे. काच घासू नये.

चित्रात आडव्या लाटा येत असतील तर कॅमेऱ्याची तार मोटरच्या किंवा घराच्या विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेली आहे का ते पाहावे. दोघींत अंतर ठेवावे.

मोबाइलवर दिसत नाही म्हणून घाबरू नये. इंटरनेट गेले तरी डीव्हीआर चित्रण साठवत असतो. घरी येऊन टीव्हीवर पाहावे.

खारा वारा आणि आमचा पाऊस

आपल्या किनारपट्टीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात खारी हवा. घाटावर पाच वर्षे टिकणारा जोड इथे दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. म्हणून तारांचे जोड कधीही उघडे लोंबते ठेवू नयेत. प्लास्टिकच्या बंद डब्यात घ्यावेत आणि डब्याचे तार शिरायचे भोक खालच्या बाजूला ठेवावे. तार डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी तारेवरून ओघळत येते, ते झोळाच्या तळाशी ठिबकते आणि डब्यात शिरत नाही. एवढ्या एका झोळाने अर्धे बिघाड टळतात.

पेटी जमिनीलगत ठेवू नये. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची काय दशा केली ते आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पेटी माळ्याच्या उंचीला, हवा लागेल अशा पण बाहेरून न दिसणाऱ्या जागी असावी. चोर कधी कधी पेटीच उचलून नेतो.

विजेचा विचारही करावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा रायगडात गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेवढ्या दिवसांची तजवीज कोणालाच परवडणार नाही, पण दोन-चार तास टिकणारा छोटा इन्व्हर्टर असावा. वीज गेलेली वेळ चोराच्या सोयीची असते. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. गडगडाट सुरू असताना शिडीवर चढू नये आणि तारांना हात लावू नये.

लांबच्या शेतावर तार नेणे शक्य नसेल तर सौर पट्टी आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेरा मिळतो. पण तो बॅटरी वाचवण्यासाठी हालचाल झाली की जागा होतो, म्हणून पहिले काही क्षण निसटू शकतात. आषाढ-श्रावणात ढगांमुळे त्याची बॅटरीही उतरते. त्या दोन महिन्यांत त्याच्यावर सगळा भार टाकू नये.

कुठे लावावा, कुठे लावू नये

कॅमेरा फार उंच लावला की चोराची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. फाटकाजवळचा एक तरी कॅमेरा आठ-दहा फुटांच्या आत असावा. उगवतीला किंवा मावळतीला थेट तोंड करू नये. शेजाऱ्याचे दार, पाणवठा, न्हाणीघर यांकडे त्याची नजर जाता कामा नये. ही शेजारधर्माची गोष्ट आहेच. शिवाय स्त्रीचे खाजगी क्षणांचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे. म्हणून विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. बसवणारा गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. मोबाइलवरचे खाते घरच्या माणसाच्या नावे असावे. बसवणाऱ्याच्या मोबाइलवर आपले अंगण दिसत राहू नये.

चोरी झाल्यावर

११२ ला फोन करून पोलिसांना कळवावे. पेटीचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे ते कागदावर लिहून ठेवावे. जरूर ते चित्रण लगेच पेनड्राइव्हवर उतरवावे, पण पेटी आणि डिस्क जपून ठेवावी. टीव्हीवरचे चित्र मोबाइलने टिपून ठेवले म्हणजे पुरावा झाला, असे समजू नये.

यामागे एक गाजलेला खटला आहे, तोही आपल्या महाराष्ट्रातला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणाचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की चित्रणाची प्रत द्यायची तर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच समोर आणले तर गोष्ट वेगळी. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. पोलिसांना त्याबद्दल विचारावे.

ताई, तुमची ती रात्र साठलीच नसेल तर ती आता कोणालाही काढून देता येणार नाही. पण हमरस्त्यावरच्या दुकानांत कॅमेरे असतील. तेही थोड्याच दिवसांत पुसले जातात. आजच पोलिसांमार्फत मागणी करा.

आणि कोणाचेही चित्र “हाच चोर” म्हणून मोबाइलवर गावभर पाठवू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले.

आता गड्याचे

कॅमेरा चोर दाखवतो, हे आपण जाणतो. तो निर्दोष माणसाला सोडवतोही, हे विसरतो. त्या रात्रीचे चित्रण असते तर नऊ वर्षांच्या माणसावर संशय घ्यायची वेळच कदाचित आली नसती. बंद पडलेल्या डिस्कची शिक्षा त्याला का? तुमच्याजवळ त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. नऊ वर्षांचा विश्वास मात्र आहे. घरातल्या मोठ्या माणसाने त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणावे. मोटर नवी घेता येईल, तसा माणूस घेता येणार नाही.

मग दर आठवड्याला एक वार ठरवा. बाजाराचा असो वा उपवासाचा. दिवाबत्ती झाली की पेटीसमोर बसा. चारही कॅमेऱ्यांचे आदल्या रात्री दोन वाजताचे चित्रण लावून पाहा. दिसले तर कणगी शाबूत. घड्याळ मोबाइलशी जुळवा. जाळी पुसल्याची खूण कॅलेंडरवर करा. पाच मिनिटांचे काम आहे. ते त्या गड्याकडेच सोपवा ना! तळ्याची राखण त्याची, तर राखणदाराची राखणही त्यालाच करू द्या.

मोटरचा शोध लागला तर कळवा. तो कामावर आला तर तेही कळवा.