गोळ्या मिळतात, तिथेच तपासणीही हवी

एआरटीच्या गोळ्यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचं आयुष्य वाढलं. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका त्यांना इतर बायकांच्या सहापट असतो, हे सोलापुरात मला भेटणाऱ्या कितीतरी जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्यांची तपासणी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी व्हावी.

तपासणीने जीव वाचतो, हे आपल्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने साथ दिलेल्या, शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासाने २००९ मध्ये जगाला दाखवलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले.

मग गोळ्यांसाठी ती ज्या केंद्रावर येतेच, तिथेच तपासणी का नको? नव्या रांगेत, नव्या नजरांना तिने का तोंड द्यावं? प्रत्येक गटाने आपल्या केंद्रावर हे विचारावं.