बंदर दिघीला आणि पोरं दुबईला

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा व्हिसा आला. घरात मिठाई वाटली गेली. माझ्या बहिणीने शुक्राने की नफ्ल पढली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. आमच्या किनाऱ्यावर ही दोन्ही कामं एकाच दिवशी करायची रीत जुनी आहे.

पोरगा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झालाय. दोन वर्षं अलिबाग, पेण, रोह्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली छपरांवर सोलर पॅनल बसवायचं काम करत होता. काम कसलं मिळालं, म्हणून विचारलं तर हसत म्हणाला, "मामू, तिथंपण सोलरच. वाळवंटात पॅनल बघायचे."

म्हणजे रायगडच्या उन्हात शिकलेलं कसब आता आखातातलं ऊन गोळा करायला जाणार. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. कारण त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्याच्या 'विकासा'वरचं आणखी एक भाषण मी मोबाईलवर ऐकलं होतं. त्यात तंत्रज्ञान होतं, हरित ऊर्जा होती, उद्योगांना प्रोत्साहन होतं. फक्त माझा भाचा नव्हता.

आगरदांड्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर दिघी दिसतं. मध्ये राजपुरीची खाडी. गाड्या घेऊन फेरीबोट ये-जा करते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा. ज्या पाण्यावर सिद्दींनी शेकडो वर्षं हुकूमत ठेवली, त्याच खोल पाण्यामुळे आज दिघी बंदराला किंमत आहे. 2021 मध्ये अदानी समूहाच्या बंदर कंपनीने हे कर्जात बुडालेलं बंदर 705 कोटी रुपयांना घेतलं. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात 12 औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, एकूण गुंतवणूक 28,602 कोटी. त्यात महाराष्ट्रातलं नाव एकच, दिघी. जमीन मात्र मुख्यतः माणगाव, रोहा, तळ्याकडची, सुमारे 6 हजार एकर. एक लाखाहून जास्त रोजगार मिळतील असा सरकारी अंदाज आहे. शिवाय रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर आगरदांडा-दिघी पूल व्हायचा आहे.

या सगळ्याला माझा विरोध नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडे प्रश्न विचारला की लगेच 'विकासविरोधी' हा शिक्का बसतो, आणि नाव मुसलमान असेल तर शिक्क्याची शाई जरा जास्तच गडद होते. बंदर व्हावं, पूल व्हावा, कारखाने यावेत. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या एक लाखात आम्ही कुठे आहोत? गेटच्या आत की गेटवर?

हा प्रश्न रायगडला नवा नाही. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी जमिनी घेताना उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. थळला खत कारखाना आला, रोह्यात, महाडला रासायनिक वसाहती आल्या. पैसा आला, हे खरं. कुंडलिका आणि सावित्रीच्या पाण्याचं काय झालं, हेही खरं. आणि 'प्रकल्पग्रस्त' नावाची एक नवी जात तयार झाली, जिचा दाखला घेऊन माणसं नोकरीसाठी वर्षानुवर्षं फिरतात.

जुन्या पिढीने दिलेला धडा साफ आहे. प्रकल्प आल्यावर हक्क मागायला गेलं की उशीर झालेला असतो. तयारी आधी करावी लागते, आणि ती निम्मी सरकारने करायची असते, निम्मी आपण.

आधी विजेचं बोलतो, कारण हरित ऊर्जा हा आमच्यासाठी भाषणातला शब्द नाही. 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब काडीसारखे मोडले. आमच्या आळीत वीज यायला कित्येक आठवडे गेले. बर्फ नाही म्हणून मासळी फेकली. मशिदीचा भोंगा बंद, तेव्हा मुअज्जिनसाहेब गच्चीवर चढून नुसत्या गळ्याने अजान द्यायचे. गावात एकाच घरी बॅटरीवाला सोलर दिवा होता. त्या घराच्या ओट्यावर कोळीवाड्यातले आणि मोहल्ल्यातले मोबाईल एकाच पाटीवर चार्जिंगला लागलेले मी पाहिले आहेत. दुबईतला मुलगा आणि मुंबईतला मुलगा, दोघांच्या आया तिथेच बसून रिंग वाजायची वाट बघत होत्या.

त्या ओट्यावर मला जे कळलं ते योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना सुरू आहे. घराच्या छपरावर 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून जास्त बसवलं तर 78 हजार रुपये अनुदान मिळतं. योजना चांगली आहे, लोकांनी घ्यावी. पण त्यात बहुतेक यंत्रणा ग्रीडला जोडलेली असते. तारेतली वीज गेली की सुरक्षेसाठी तीही बंद पडते. म्हणजे वादळात खांब पडले की छपरावर पॅनल असूनही घरात अंधार. मोठ्या शहरात हे चालून जाईल. आमच्या किनाऱ्यावर निदान प्रत्येक गावात एक जागा, म्हणजे शाळा, मशीद, देऊळ किंवा आरोग्य उपकेंद्र, बॅटरीसह सोलरवर असलीच पाहिजे. त्यात खारा वारा साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खातो. पॅनलची चौकट कसली, बोल्ट कसले, हे इथल्या हवेनुसार ठरायला हवं. आणि हे बघायला, दुरुस्त करायला माणूस गावातला हवा. असा माणूस होता. त्याला व्हिसा मिळाला.

फेरीबोटीचंच घ्या. केरळात वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी 2017 पासून 'आदित्य' नावाची 75 आसनांची सौर बोट चालते. देशातली ती पहिली सौर फेरीबोट. कोचीच्या वॉटर मेट्रोत 2023 पासून विजेवरच्या बोटी आहेत. आमची खाडीही फेरीचीच आहे. भरतीचा जोर वेगळा, गाड्यांचा भार वेगळा, हे मान्य. जशीच्या तशी बोट उचलून आणता येणार नाही. पण निदान माणसांच्या फेरीसाठी प्रयोग का होऊ नये? राजपुरीचे होडीवाले आजही शिडावर वारा धरून पर्यटकांना जंजिऱ्याला नेतात. गारंबीच्या डोंगरातलं पाणी नवाबांच्या काळापासून मुरुडला पोहोचतं आहे. हरित ऊर्जा आम्हाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही, तिला आजचं यंत्र जोडून द्यायची गरज आहे.

आता भांडवलाचं. भाच्याचा बेत साधा होता. जवळा, बोंबील, वाकटी सुकवायला सोलर ड्रायर बसवायचा. वाळूवर सुकवलेल्या मासळीला अवेळी पाऊस आला की मातीमोल भाव, ड्रायरमध्ये ती स्वच्छ सुकते, पॅकिंग करून मुंबईत विकता येते. सोबत पॅनल दुरुस्तीचं दुकान. कोळीवाड्यातल्या दोन बाया माल द्यायला तयार होत्या. त्या तर म्हणाल्या, "तू यंत्र आण बाबा, सुकं आमी देतो." तो एका बँकेत पाच वेळा गेला. एकदा कोटेशन चुकलं, एकदा जागेचा उतारा आजोबांच्या नावावर निघाला, एकदा साहेब बदलले. शेवटी सांगितलं गेलं की त्या भागात वसुली कठीण असते. 'त्या भागात' म्हणजे कुठल्या, हे त्याने विचारलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहेच की काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' किंवा 'रेड झोन' समजतात.

पण सगळा दोष बँकेच्या दारात टाकून मोकळं होणं मला पटत नाही. दुसरं दार आमच्या घरातच बंद होतं. बहिणीचे सासरे म्हणाले, "व्याजाच्या पैशात बरकत नसते, कर्ज नको." त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण मग मी त्यांना विचारलं, "अब्बाजी, कर्ज नको तर तुम्ही भागीदारीत पैसे घाला. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर वाटा." ते गप्प झाले. त्यांचे पैसे गावातल्या दुसऱ्या मजल्यात गेलेत. त्या मजल्यावर वर्षातले अकरा महिने कुलूप असतं.

आगरदांड्यापासून म्हसळ्या-श्रीवर्धनपर्यंत मोहल्ल्यांतून फिरा. आखाताच्या पन्नास वर्षांच्या कमाईने काय उभं राहिलं? मशिदी देखण्या झाल्या, शाळा निघाल्या, मुली शिकल्या. अल्लाहचे आभार. पण बाकी पैसा संगमरवरात आणि ग्रॅनाइटमध्ये थिजला. रोजगार देणारं एक बर्फाचं दुकानसुद्धा आम्ही नीट उभं केलं नाही. पदवी घेतलेली मुलगी घरी बसून आहे, कारण तिच्या लायकीचं काम तिथे नाही, आणि काम तिथे नाही कारण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचा आपल्याच गावावर भरवसा नाही.

गंमत म्हणजे व्याजाशिवाय भांडवल ही आम्हाला परकी गोष्ट नाही. इथल्या मच्छीमार होडीवर पिढ्यान् पिढ्या काय चालतं? वाटा. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. मासळी आली तर सगळ्यांची, रिकामं परतलो तर सगळेच रिकामे. फिकहच्या किताबात याला जे नाव असेल ते असो, नाखव्याला ते नाव न कळताही व्यवहार कळतो. हीच रीत किनाऱ्यावर का आणू नये? दहा घरं मिळून मत्स्य उत्पादक कंपनी किंवा नोंदणीकृत भागीदारी काढता येते. त्यात मोहल्ला आणि कोळीवाडा दोघांचे वाटे असावेत, कारण माल त्यांच्याशिवाय नाही आणि विश्वास दोघांशिवाय नाही.

एक इशारा मात्र हवा. 'हलाल गुंतवणूक' म्हणून गोळा केलेल्या पैशाचं काय होतं हे 2019 मध्ये बंगळुरूच्या आय.एम.ए. प्रकरणात हजारो मुस्लिम कुटुंबांनी भोगलं आहे. म्हणून दाढी बघून पैसे द्यायचे नाहीत, हिशेब बघून द्यायचे. नोंदणी, लेखापरीक्षण, बँक खातं, वर्षाला सगळ्यांसमोर ताळेबंद. दीनदारीचा अर्थ अमानत सांभाळणं हाही आहेच.

सरकारकडेही मागणं आहे. व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असं 2008 मध्ये रघुराम राजन समितीने सुचवलं होतं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बाजूला ठेवला. तो पुन्हा उघडावा. ते होईपर्यंत आहेत त्या योजना तरी गावात पोहोचवाव्यात. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत होडी बांधणारे आणि मासेमारीचं जाळं विणणारे आहेत, ही गोष्ट आमच्या किती सुतारांना माहीत आहे? प्रशिक्षणाचा भत्ता आणि अवजारांचे 15 हजार रुपये तरी त्यांनी का सोडावेत? ज्यांना व्याजाची अडचण वाटते त्यांनीही योजनेचा हा भाग वाचावा.

आणि बंदरासाठी, औद्योगिक शहरासाठी जी माणसं लागणार आहेत, क्रेन चालवणारी, शीतकंटेनर दुरुस्त करणारी, सीमाशुल्काची कागदपत्रं करणारी, सोलर सांभाळणारी, त्यांचं प्रशिक्षण आजच जवळच्या आयटीआयमध्ये आणि मुरुडच्या महाविद्यालयांत सुरू व्हावं. कारखान्याची भिंत उभी राहिल्यावर नव्हे. भिंत उभी राहिली की माणसं बाहेरून येतात आणि आमच्या वाट्याला भिंतीबाहेरची टपरी येते.

परवा भाच्याला विचारलं, "सगळं जुळून आलं तर थांबशील?" तो म्हणाला, "मामू, विमानाचं तिकीट पंधरा तारखेचं आहे. तोवर जुळवा." चेष्टेत बोलला. पण बोलताना त्याने माझ्याकडे नाही, खाडीकडे बघितलं.

पंधरा तारखेपर्यंत काही जुळणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. दोन वर्षांच्या कराराने तो जाईल. मी त्याच्या आजोबांशी पुन्हा बोललो आहे. कोळीवाड्यातल्या त्या दोन बायांशीही बोललो. चार घरं वाटा घालायला तयार झाली आहेत, सहा अजून विचार करतायत. भाचा परत येईल तेव्हा खाडीवर कदाचित पुलाचे खांब उभे असतील. तेव्हा त्याला दाखवायला आमच्याकडे निदान एक ड्रायर असावा, एवढीच माझी उमेद आहे. वरच्या मजल्याची कुलपं ज्यांच्या खिशात आहेत, त्यांनी ती यंदाच्या ईदला एकदा काढून बघावीत.